सदतीस वर्षं काम, पंधरा वर्षांची पेन्शन

भोसरीत लेथ मशीनवर आयुष्य काढलेल्या एका टर्नरचं हे प्रकरण आहे. त्यांचं नाव, कारखान्यांची नावं आणि ओळख पटेल असं काहीही इथे दिलेलं नाही. हिशेब मात्र पूर्ण मांडला आहे, कारण असाच हिशेब घराघरात अर्धवट पडून आहे.

मी शनिवारी कामगारांना पीएफ आणि पेन्शनचे अर्ज भरायला मदत करते. नोव्हेंबरच्या एका शनिवारी काका हयातीचा दाखला द्यायला आले, बरोबर काकू होत्या. काकांनी यंत्रावर उजवा अंगठा ठेवला, मग डावा, मग एकेक करून दहाही बोटं. दर वेळी लाल दिवा. टर्नरच्या बोटांचं असं होतं. वर्षानुवर्षं कूलंटमध्ये भिजून आणि लोखंडाचा कीस घासून रेघा पुसट होऊन जातात. काका पँटला बोट पुसून पुन्हा पुन्हा ठेवत होते, चूक आपलीच असल्यासारखे. शेवटी मोबाइलसमोर चेहरा धरून, पापणी मिटून-उघडून दाखला झाला.

निघताना ते दारात थांबले. "ताई, एक विचारू का? सदतीस वर्षं मशीनवर उभा राहिलो. त्याचे महिन्याला २,४८६ रुपये कसे काय होतात? कुणाचं तरी काही चुकलंय का?"

मी म्हटलं, "काका, पुढच्या शनिवारी सगळे कागद घेऊन या. बघू."

कागद आले ते एका साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत. रेशन कार्ड, मुलीच्या लग्नाची पत्रिका, पीएफच्या पिवळ्या पडलेल्या स्लिपा आणि चार घड्या घातलेली २००५ सालची एक पावती. ती उघडताना घडीवर फाटू लागली, तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, हळू. तेवढंच उरलंय त्या कारखान्याचं."

सदतीस वर्षांचे चार तुकडे पडतात. पहिली नोकरी १९८६ च्या पावसाळ्यात लागली, तेव्हा काका २१ वर्षांचे होते. बारा-तेरा माणसांचं वर्कशॉप होतं. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथेच लागायचा, त्यामुळे तिथली जवळपास दहा वर्षं कुठल्याच खात्यात नाहीत. यात मालकाने कायदा मोडला असंही म्हणता येत नाही, कायद्यानेच त्या माणसांना दाराबाहेर ठेवलं होतं.

दुसरी नोकरी १ एप्रिल १९९६ पासून, जरा मोठ्या कारखान्यात. कर्मचारी पेन्शन योजना त्याच्या आधीच, १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली होती. तिलाच सगळे ईपीएस-९५ म्हणतात. काकांच्या नावाने पेन्शनचा पैसा पहिल्यांदा इथे जमा होऊ लागला. बरोबर नऊ वर्षांनी, ३१ मार्च २००५ ला, त्या कारखान्याला टाळं लागलं.

त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आसपास कंत्राटदाराकडे. हातात रोख, ना स्लिप ना नंबर. आणि शेवटची नोकरी १ सप्टेंबर २००८ ते ३१ ऑगस्ट २०२३, ज्या दिवशी काकांची ५८ वर्षं पूर्ण झाली. पेन्शनच्या हिशेबात धरलेली वर्षं फक्त याच नोकरीची आहेत.

सूत्र तसं सोपं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. अडचण 'पेन्शनपात्र' या शब्दात आहे. शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी धरतात, पण पगाराला कमाल मर्यादा आहे. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला ६,५०० रुपये आणि नंतरच्या सेवेला १५,००० रुपये. काकांचा शेवटचा पगार होता २६,०००. सूत्राला त्यातले ११ हजार दिसतच नाहीत.

२००८ ते २०१४ ही सहा वर्षं: ६,५०० गुणिले ६ भागिले ७०, म्हणजे ५५७ रुपये. २०१४ ते २०२३ ही नऊ वर्षं: १५,००० गुणिले ९ भागिले ७०, म्हणजे १,९२९ रुपये. बेरीज २,४८६. कारकुनाने चूक केली नव्हती, रुपयाचीही नाही. शेवटच्या पगाराच्या शेकडा साडेनऊ.

काकांना हे सांगणं मला जड गेलं. चूक सापडली असती तर अर्ज करता आला असता.

आता ती चार घड्यांची पावती. कारखाना बंद झाला तेव्हा दहा वर्षांना एक वर्ष कमी पडत होतं. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर पेन्शन खात्यातला पैसा काढून घेता येतो, किंवा पैसा तसाच ठेवून स्कीम सर्टिफिकेट घेता येतं आणि पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडता येतात. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात आहेत, फॉर्म १०-सी मध्ये. गेटवर अर्ज भरून देणाऱ्या माणसाने सगळ्यांचे अर्ज एकाच प्रकारे भरले. पैसे काढायचे. सर्टिफिकेट नावाचं काही असतं हे काकांनी माझ्याकडे पहिल्यांदा ऐकलं. त्या वेळी पगार सव्वाचार हजार होता, नऊ वर्षांचे मिळून चाळीस हजारांच्या आसपास हातात आले.

ती नऊ वर्षं जोडली असती तर सेवा चोवीस वर्षांची झाली असती. ५८ व्या वर्षापर्यंत वीस किंवा त्याहून जास्त वर्षांची सेवा असेल तर दोन वर्षं बक्षीस म्हणून वाढवून मिळतात. अगदी ६,५०० च्या हिशेबानेसुद्धा महिन्याला हजार रुपये जास्त आले असते. पेन्शन साडेतीन हजार झाली असती.

इथे बरेच जण म्हणतात की कामगारांना कळत नाही, आज हातात पैसा दिसला की काढून मोकळे होतात. मला ते पटत नाही आणि मी ते काकांना म्हणूही देणार नाही. ते चाळीस हजार पीएफच्या दराने, म्हणजे साडेआठ टक्क्यांनी अठरा वर्षं वाढले असते तर पावणेदोन लाखांच्या जवळ गेले असते. हुकलेली पेन्शन वर्षाला सव्वाबारा हजार, म्हणजे तेवढी रक्कम वसूल व्हायला चौदा वर्षं लागली असती. काका बहात्तर वर्षांचे होईपर्यंत. कागदावर हा निर्णय इतका उघड चुकीचा नाहीच. आणि ते पैसे गेले कुठे? काकू लगेच म्हणाल्या, "सात महिन्यांचं भाडं आणि दोघांच्या शाळेची फी." बंद कारखान्याच्या गेटवर उभ्या असलेल्या माणसाला अठरा वर्षांनंतरची पेन्शन विकत घ्यायला सांगायचं असेल, तर आधी त्याच्या पुढच्या सहा महिन्यांची सोय कुणीतरी करायला हवी.

ती सोय आज काही प्रमाणात आहे, पण कुणाला माहीत नाही. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्या माणसाला जास्तीत जास्त नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम मिळू शकते. ही योजना २०१८ ची. माझ्या टेबलापाशी येणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी तिचं नाव ऐकलेलं असतं. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने पेन्शनची रक्कम काढण्याआधीचा थांबा दोन महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर नेण्याचं ठरवलं. यामागचा हेतू मला समजतो, काकांसारखी सेवा तुटू नये हाच तो आहे. पण एक दार बंद करताना दुसरं दार उघडं आहे हे त्या माणसाला गेटवरच सांगितलं गेलं पाहिजे. नाहीतर तो सावकाराकडे जाईल.

पुढचा प्रश्न काकांच्या मुलाने विचारला, आणि तो नेमका होता. "बाबांचे जमा किती झाले होते?"

मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. दोन्हीही मर्यादेपर्यंतच्या पगारावर. पहिली सहा वर्षं मालकाचे महिना ५४१ आणि सरकारचे ७५, नंतरची नऊ वर्षं १,२५० आणि १७४. पंधरा वर्षांत दोघांचे मिळून दोन लाखांच्या किंचित आत. त्यावर आठ टक्के व्याज धरलं तर निवृत्तीच्या दिवशी सव्वातीन लाखांच्या थोडं पुढे रक्कम उभी राहते.

आणि त्या रकमेवर आठ टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं जवळपास २७ हजार. काकांची वर्षाची पेन्शन आहे २९,८३२. 'आमच्याच व्याजात आमची पेन्शन भागवता आणि मुद्दल ठेवून घेता' असं पेन्शनधारकांच्या सभांत ऐकू येतं. काकांच्या बाबतीत ते आकड्यांत जवळजवळ तसंच निघालं.

पण हा हिशेब इथे थांबवला तर अर्धाच राहतो. काका २००९ मध्ये, नोकरीत सहा महिने झाले असताना गेले असते, तर काकूंना त्याच महिन्यापासून पेन्शन सुरू झाली असती आणि दोन मुलांना प्रत्येकी त्याच्या पाव हिस्सा, वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाला हा हक्क मिळतो. काकांच्या शेजारच्या मशीनवरच्या एका माणसाच्या घरी ही पेन्शन आजही येते. बँकेच्या ठेवीने हे केलं नसतं. काका जगले म्हणून त्यांना आपला पैसा अडकल्यासारखा वाटतो, आणि विम्यात जगणाऱ्यांचा पैसा न जगलेल्यांच्या घरी जातो. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याच्या घरी जातात ना, मग ठीक आहे."

म्हणजे योजनेने काकांना फसवलेलं नाही. ती त्यांच्याशी उदारही वागलेली नाही. खरा घोटाळा आहे गोठलेल्या आकड्यांचा. पगाराची मर्यादा जून २००१ मध्ये ५,००० वरून ६,५०० झाली आणि तिथे तेरा वर्षं पडून राहिली. २०१४ मध्ये १५,००० झाली आणि पुन्हा तिथेच बसली. ६,५०० च्या काळातलं सेवेचं प्रत्येक वर्ष काकांना महिना ९३ रुपये देतं आणि १५,००० च्या काळातलं २१४. काम तेच, मशीन तेच, फक्त मर्यादा कधी हलली एवढाच फरक. पूर्ण २६ हजारांवर पंधरा वर्षं मोजली गेली असती तर ५,५७१ रुपये झाले असते. अर्थात त्यासाठी दरमहा वर्गणीही त्याच प्रमाणात जायला हवी होती आणि मालकाच्या बारा टक्क्यांतून पेन्शनकडे जास्त वळलं की पीएफची शिल्लक तेवढी कमी होते. पीएफच्या पैशांतून काकांनी खोलीचं कर्ज फेडलं आहे, तेव्हा तीही गरज खरी होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने वाढीव पगारावर पेन्शनचा पर्याय काहींना खुला झाला. काकांना त्याचा उपयोग नाही, कारण त्यांची वर्गणी कायम मर्यादेपुरतीच कापली गेली.

आणि जे २,४८६ बसले ते बसले. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर काका ७८ वर्षांचे होतील तेव्हा या नोटांची खरेदी निवृत्तीच्या वेळच्या ९३७ रुपयांएवढी उरेल. औषधं तेव्हाच जास्त लागतील. आज दोघांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांतच निम्मी पेन्शन जाते. काकांचा पगार २१ हजारांच्या वर गेला तेव्हा ते ईएसआयच्या बाहेर पडले, त्यामुळे निवृत्त होताना कार्डही हातात नव्हतं.

पंचाहत्तर लाखांहून जास्त माणसं या योजनेची पेन्शन घेतात. राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी तिचे अध्यक्ष असताना, २०१३ मध्ये किमान पेन्शन ३,००० करा असं सुचवलं होतं. २०१४ मध्ये किमान १,००० झाली आणि अजून तेवढीच आहे. बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाची मागणी किमान ७,५०० आणि त्यावर महागाई भत्ता अशी आहे. साठी-सत्तरीची माणसं उन्हात बसून हे मागत आली आहेत. मी त्यांच्या बाजूची आहे. पण त्या मागणीतला भत्त्याचा भाग बातम्यांत गळून पडतो आणि ७,५०० हा आकडा तेवढा मथळ्यात राहतो, याची मला काळजी वाटते. उद्या ७,५०० जाहीर झाले आणि भत्ता राहून गेला, तर दहा वर्षांनी ती माणसं, त्यांच्यातली उरलेली, पुन्हा त्याच मैदानात बसतील. आकडा मोठा असण्यापेक्षा तो दरवर्षी आपोआप हलणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पेन्शनचाही आणि पगाराच्या मर्यादेचाही. त्यासाठी दर वेळी मंत्रिमंडळाची मर्जी लागू नये.

पैसा कुठून यायचा, हे टाळून चालणार नाही. १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत पेन्शन योजना लागू झाली आहे. तिच्यात दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये आणि वर महागाईनुसार वाढ आहे. ईपीएस मध्येही पात्रतेला दहाच वर्षं लागतात आणि किमान आहे १,०००. सारखी दहा वर्षं, दहापट फरक. पण तिथे सरकार पगाराच्या १८.५ टक्के घालतं आणि कर्मचारी १० टक्के. इथे मालक आणि सरकार मिळून साडेनऊ टक्के, तेही १५ हजारांच्या आतल्या पगारावर. एवढ्याशा वर्गणीतून दहा हजार निघणार नाहीत, हे पेन्शनधारकांच्या नेत्यांनी सभेत सांगायला हवं. आणि एका नोकरदाराच्या म्हातारपणासाठी १८.५ टक्के घालता येतात तर दुसऱ्यासाठी १.१६ च का, हे सरकारने संसदेत सांगायला हवं.

काकांचा मुलगा तीस वर्षांचा आहे. ॲपवरून पार्सल पोचवतो. त्याच्या नावावर पीएफ नाही, कारण कागदोपत्री तो कुणाचा कामगारच नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात पहिल्यांदाच अशा कामाला कायद्यात नाव मिळालं. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के एका निधीत भरायचे आहेत, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. हे मोठं पाऊल आहे, आणि मी ते मनापासून मोठं म्हणते. फक्त त्या निधीतून साठाव्या वर्षी दरमहा किती मिळेल याचं सूत्र संहितेत नाही. काकांना निदान '७० ने भागा' असं सांगता तरी आलं.

दरम्यान मुलाने अटल पेन्शन योजनेबद्दल विचारलं. तिसाव्या वर्षी सुरू केलं तर ५,००० च्या पेन्शनसाठी महिना ५७७ रुपये. पैसे साठाव्या वर्षापासून. मी कॅल्क्युलेटर त्याच्याकडेच दिला. पाच टक्के महागाईने तीस वर्षांनंतरचे ५,००० म्हणजे आजचे १,१५७. त्याने आकडा बघितला, मग बाबांकडे बघितलं. मी त्याला तरीही खातं उघडायला सांगितलं, कारण शून्यापेक्षा ते बरं आहे आणि बायकोच्या नावाने पुढे चालू राहतं. पण बापाच्या योजनेतली चूक मुलाच्या योजनेतही तशीच आहे. ठरवलेला आकडा, हालचाल नाही.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी काकू बोलल्या. हिशेब चालू असताना त्या गप्प होत्या, पण ऐकत होत्या. "यांच्यामागे मला किती?"

"निम्मे, काकू. १,२४३."

त्यांनी पिशवीतून लग्नपत्रिका काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तो आकडा माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतला. मग मी पेन्शनचा आदेश आणि त्यांचं आधार कार्ड शेजारी ठेवून पाहिलं. आदेशात त्यांचं लग्नानंतरचं नाव होतं आणि आधारवर माहेरचं. जन्मवर्षही दोन वर्षांनी वेगळं. आज कुणाचं काही अडत नाही, पण ज्या दिवशी त्यांना ही पेन्शन मागावी लागेल त्या दिवशी पहिली हरकत हीच निघेल, आणि तेव्हा सही करायला काका नसतील. आम्ही दुरुस्तीचा अर्ज तिथेच भरला. काकांनी दोन ठिकाणी सही केली आणि काकूंनी तीन ठिकाणी.